अण्णांच्या डिस्चार्ज कार्डावर एक नाव लिहायचं राहिलं

मा. आरोग्यप्रमुख, पुणे महानगरपालिका, आणि आमच्या पिंपरी-चिंचवडचे पण, आणि दोन्हीकडच्या हॉस्पिटलांचे मालक, ट्रस्टी, मेडिकल डायरेक्टर जे कोणी असतील ते सगळे,

सनविवि.

दोन्ही महापालिकांना एकत्र लिहितोय कारण आमचे अण्णा एका हद्दीतल्या हॉस्पिटलातनं दुसऱ्या हद्दीतल्या हॉस्पिटलात गेले, आणि दापोडीचा हॅरिस पूल ओलांडला की महापालिका बदलते, अण्णांबरोबर अँब्युलन्समधनं गेलेली बुरशी, कँडिडा ऑरिस, काही बदलत नाही. कोणत्या हॉस्पिटलचं नाव घेणार नाहीये. भीती म्हणून नाही, पण नाव घेतलं की सगळी चर्चा त्या एका हॉस्पिटलवर जाते आणि बाकीचे सुटले सुटले करून मोकळे होतात, आणि माझी खात्री आहे की हे एका ठिकाणचं नाहीच.

मी चाकणला एका ऑटो पार्टच्या कंपनीत क्वालिटीला आहे, 17 वर्षं. डॉक्टर नाही. पण गेले तीन महिने रात्री झोप येत नाही तेव्हा हेच वाचत बसतो, त्यामुळे जे लिहितोय ते वाचून, विचारून, आणि आयसीयूच्या बाहेरच्या त्या स्टीलच्या खुर्च्यांवर बसून लिहितोय.

अण्णा 74 वर्षांचे. शुगर 20 वर्षांपासून. पावसाळ्यात एक दिवस थंडी वाजून ताप आला, आम्हाला वाटलं डेंग्यू, सगळ्या सोसायटीत तेच चालू होतं. निघाला मूतखडा, लघवीच्या नळीत अडकलेला, मागे पू साठलेला आणि इन्फेक्शन रक्तात. रात्रीतनं डीजे स्टेंट टाकला म्हणजे किडनीपासून ब्लॅडरपर्यंत एक बारीक नळी, आणि आयसीयू. मानेत सेंट्रल लाईन, खाली कॅथेटर, आणि भारीतली अँटिबायोटिक. आठव्या दिवशी अण्णांनी चहा मागितला, दुधाचा आणि साखर घालून. सिस्टर हसल्या. आम्हाला वाटलं सुटलो.

अकराव्या दिवशी परत ताप. अँटिबायोटिक बदललं, ताप तसाच. रक्ताचं कल्चर पाठवलं, म्हणजे रक्तातले जंतू लॅबमध्ये वाढवून बघायची टेस्ट, दोन दिवसांनी आरएमओ म्हणजे वॉर्डातले ड्युटी डॉक्टर म्हणाले यीस्ट दिसतंय, फंगल आहे, औषध चालू केलंय. ठीक. त्याच्या दोन दिवसांनंतर आम्ही भेटायला गेलो तर अण्णांच्या बेडला पडदा ओढलेला, पायथ्याशी एक पिवळी पट्टी लावलेली आणि सिस्टरनी निळा गाऊन घातलेला. विचारलं काय झालं. "प्रोटोकॉल आहे काका." डॉक्टरांना विचारलं, तर "रेझिस्टंट इन्फेक्शन आहे, स्ट्राँग औषध देतोय." कसलं इन्फेक्शन, नाव काय, कुठनं आलं, काही नाही. मला हॉस्पिटलमध्ये काका कोणी म्हणलं की कळतं आता पुढे उत्तर मिळणार नाही.

नाव कळलं ते इन्शुरन्समुळे. टीपीएवाल्यांनी, म्हणजे इन्शुरन्सचे क्लेम बघणाऱ्या एजन्सीनी, वाढीव मंजुरीसाठी रिपोर्ट मागितले, बिलिंगच्या काउंटरवर गठ्ठा ठेवला होता, बायकोनी पटापट सगळ्या पानांचे फोटो काढले. त्यात तो एक कागद. कँडिडा ऑरिस. खाली औषधांची यादी, फ्लुकोनॅझोलच्या पुढे आर, व्होरिकोनॅझोलच्या पुढे आर. आर म्हणजे रेझिस्टंट हे मला माहिती, आमच्याकडे आर म्हणजे रिजेक्ट.

त्या रात्री वाचलं. ही बुरशी जगाला माहिती झाली 2009 मध्ये, जपानमध्ये 70 वर्षांच्या एका बाईंच्या कानातनं सापडली म्हणून ऑरिस, लॅटिनमध्ये ऑरिस म्हणजे कान. नंतर कोरियात जुनी साठवलेली सॅम्पलं काढून बघितली तर 1996 च्या एका सॅम्पलमध्ये ही होतीच, ओळखली नव्हती कोणी. आपल्याकडे दिल्लीत डॉ. अनुराधा चौधरी आणि त्यांच्या टीमनी दोन हॉस्पिटलांतले 12 पेशंट 2013 मध्ये जगासमोर ठेवले. देशातल्या 27 आयसीयूंचा एक अभ्यास झाला, रक्तात कँडिडा सापडलेले 1400 पेशंट, त्यात 5 टक्क्यांच्या जरा वर ऑरिस, पण ती सापडली 27 पैकी 19 आयसीयूंत. मला त्यातला टक्का नाही खटकला, 19 खटकला. म्हणजे थोडीथोडी सगळीकडे. 2020 मध्ये दिल्लीत कोविडच्या पेशंटमध्ये रक्तात कँडिडा झालेले 15 जण बघितले, 10 जणांना ऑरिस, त्या 10 तले 6 गेले. जागतिक आरोग्य संघटनेनी 2022 मध्ये धोकादायक बुरश्यांची पहिली यादी काढली, 19 नावं, त्यात सगळ्यात वरच्या गटात चार, आणि त्या चारात ही एक. 2024 मध्ये शास्त्रज्ञांनी हिचं नाव पण बदललं, कँडिडोझायमा ऑरिस, पण रिपोर्टवर अजून जुनंच येतं.

आणि औषधं किती, तर बोटावर मोजण्याइतकी. बॅक्टेरियाला मारणारी औषधं ढीगभर आहेत कारण बॅक्टेरियाची पेशी आपल्यापेक्षा खूप वेगळी, बुरशीची पेशी आपल्या पेशीच्या जवळची, तिला मारायला जावं तर माणसाला लागतं. म्हणून अझोल म्हणजे ती फ्लुकोनॅझोलवाली, मग अँफोटेरिसिन, जे किडनीला त्रास देतं, आणि मग मायकाफंगिन, कॅस्पोफंगिन वगैरे महागडी इंजेक्शनं. झालं. अमेरिकेतल्या सीडीसीचा, म्हणजे त्यांच्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेचा, हिशोब असा की त्यांच्याकडच्या ऑरिसपैकी 90 टक्क्यांच्या आसपास फ्लुकोनॅझोलला दाद देत नाही, 30 टक्के अँफोटेरिसिनलाही नाही. अण्णांना मायकाफंगिन लागू पडलं, नशीब.

आता मुख्य मुद्द्यावर येतो.

विसाव्या दिवशी पैशाचं गणित संपलं. पॉलिसी संपली, पीएफमधनं काढले ते संपत आले, आणि हॉस्पिटलनीच सुचवलं की पेशंट स्टेबल आहे, ट्रस्टच्या हॉस्पिटलला शिफ्ट करा. डिस्चार्ज कार्ड हातात दिलं. साडेतीन पानं. युरोसेप्सिस म्हणजे लघवीतनं रक्तात गेलेलं इन्फेक्शन, टाईप टू डायबेटिस, डीजे स्टेंट टाकला, अमुक अँटिबायोटिक इतके दिवस, तमुक इतके दिवस, अँटिफंगल चालू, कंडिशन स्टेबल. अण्णांनी पाचव्या दिवशी किती मिली लघवी केली ते सुद्धा लिहिलेलं होतं. कँडिडा ऑरिस हे दोन शब्द नव्हते. कल्चरच्या कॉलममध्ये लिहिलं होतं, "रिपोर्ट जोडला आहे." जोडलेला नव्हता.

आणि इथे मला माझंही सांगायला पाहिजे, नाहीतर हे पत्र लिहायचा मला हक्क नाही. नवीन हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीमध्ये एका तरुण डॉक्टरनी मला सरळ विचारलं, आधी कुठलं इन्फेक्शन सांगितलं होतं का. माझ्या खिशात फोन, फोनमध्ये तो फोटो, आणि मी चार रात्री वाचलेलं. मी म्हणलं, "लघवीचं होतं."

का म्हणलं? कारण अँब्युलन्स दारात उभी होती, अण्णांना ऑक्सिजन चालू होता, आणि आत्यानी आधीच सांगितलं होतं, जास्त बोलू नकोस, बेड नाही म्हणतील. मला पण तेच वाटत होतं. बेड मिळाला. आठ बेडच्या आयसीयूत मधला बेड. डावीकडे मंचरचा एक पोरगा, बाईकचा ॲक्सिडेंट, 22-23 वर्षांचा, घशाला भोक पाडून नळी टाकलेली. उजवीकडे एक आजी.

सहा दिवस. सहाव्या दिवशी त्यांच्या स्वतःच्या कल्चरमध्ये ऑरिस आली तेव्हा मोठ्या मॅडमनी आम्हाला केबिनमध्ये बोलावलं. बायकोनी काही न बोलता फोन पुढे केला. मॅडमनी फोटो मोठा करून तारीख बघितली, फोन टेबलावर उलटा ठेवला आणि म्हणाल्या, "हे मला पहिल्या दिवशी पाहिजे होतं." ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मंचरच्या पोराचं पुढे काय झालं मला माहिती नाही. त्याची आई रोज आम्हाला डब्यातली भाकरी द्यायची. आम्ही अण्णांना साइड रूमला हलवल्यावर ती लिफ्टपाशी भेटली, म्हणाली, "तुमच्या वडलांना स्वतंत्र खोली मिळाली, बरं झालं." मी हो म्हणलं आणि जिन्यानी खाली गेलो.

आमच्या कंपनीत एक पार्ट खराब निघाला ना, तर त्याला लाल टॅग लागतो, लाल बिनमध्ये जातो, बिनला कुलूप. लॉट नंबर लिहायचा, मशीन कोणतं, शिफ्ट कोणती, ऑपरेटर कोण. आणि तो माल चुकून कस्टमरकडे गेलाच असेल तर आपण स्वतः फोन करून सांगायचं, बाबा अमुक लॉट वापरू नका, आम्ही माणूस पाठवतो. लाज वाटते, डेबिट नोट येते, पण सांगतो, कारण न सांगता सापडलं तर धंदाच जातो. हे सगळं एका ब्रॅकेटसाठी, शंभर-सव्वाशे रुपयांच्या. आणि माझ्या बापाला एका आयसीयूतनं दुसऱ्या आयसीयूत पाठवताना टॅग नाही, फोन नाही, आणि मी स्वतः, ज्याचं पोट या टॅगांवर चालतं, मी तोंड शिवून उभा.

ही बुरशी बाकीच्या कँडिडासारखी वागत नाही हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहिती, पण वाचणाऱ्या बाकीच्या लोकांसाठी लिहितो. साधी कँडिडा बहुतेक वेळा आपल्याच पोटातली, तोंडातली असते. ही एका पेशंटकडनं दुसऱ्याकडे जाते. अंगावर, काखेत, जांघेत बसून राहते, पेशंटला काही त्रास नसतो तरी असते, महिनोन्महिने असते. बेडच्या दांडीवर, मॉनिटरच्या बटणावर, सलाईनच्या स्टँडवर आठवडेच्या आठवडे जगते. नेहमीचं जे फ्लोअर क्लीनर, क्वॉटरनरी अमोनियमवालं, त्यातली बरीच हिला पुरी पडत नाहीत, क्लोरीन लागतं म्हणजे हायपोक्लोराइट, नाहीतर हायड्रोजन पेरॉक्साइडवालं, आणि ते सुद्धा पुसलं-वाळलं असं नाही, ठराविक मिनिटं पृष्ठभाग ओला राहायला हवा. हाताला मात्र नेहमीचं अल्कोहोलवालं सॅनिटायझर चालतं, प्रत्येक वेळी लावलं तर.

मी काचेतनं काय बघायचो सांगतो. सकाळी साडेसहाला मावशी यायच्या, हातात एक निळं फडकं आणि बादली. पहिल्या बेडची दांडी, पहिल्याचं टेबल, मग तेच फडकं दुसऱ्या बेडला, मग तिसऱ्या. चौथ्या बेडला पोचल्यावर बादलीत बुडवून पिळायचं. पूर्ण आयसीयूला 20 मिनिटं. मावशींचा काही दोष नाही, त्या कॉन्ट्रॅक्टवर, एका मजल्यावरनं दुसऱ्या मजल्यावर पळत असायच्या, त्यांना कोणी सांगितलंच नसणार की पडद्यामागच्या बेडला वेगळं फडकं, वेगळं औषध, आणि तो बेड सगळ्यात शेवटी. पिवळ्या पट्टीवर इंग्रजीत लिहिलेलं. मी एकदा विचारलं, मावशी ही पट्टी कशाची, तर म्हणाल्या, "व्हीआयपी असंल." आणि बीपीचा कफ एकच, एका बेडवरनं दुसऱ्या बेडवर, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

ऑक्सफर्डच्या युनिव्हर्सिटी हॉस्पिटलमध्ये असंच झालं होतं, 2015 ते 2017 मध्ये, मेंदूच्या पेशंटांच्या आयसीयूत. 70 जणांपर्यंत गेली ऑरिस. साफसफाई वाढवली, पेशंट वेगळे ठेवले, थांबेना. मग त्यांनी एकेक वस्तू तपासत बसले, आमच्या रूट कॉजसारखं, कोणत्या पेशंटला काय काय वापरलं. निघालं काय, तर काखेत लावायचे थर्मामीटर, परत परत वापरायचे ते, पुसून पुसून पुढच्याला लावलेले. ते काढून टाकले आणि साथ आटोक्यात आली. पण माझ्यासाठी खरी गोष्ट पुढे आहे. त्यांनी ते 2018 मध्ये सगळ्या जगासमोर छापलं, आमच्या हॉस्पिटलात, आमच्या थर्मामीटरमुळे, इतके पेशंट. आज कुठल्याही देशातला इन्फेक्शन कंट्रोलवाला आयसीयूत गेला की पहिले थर्मामीटर बघतो ते त्यांच्यामुळे. ऑक्सफर्डला पेशंट जायचे बंद झाले का? नाही ना.

आपल्याकडे काय उत्तर मिळतं मला माहितीये. लोक घाबरतील. पॅनिक होईल. साहेब, 2021 आठवा. म्युकर, काळी बुरशी. पुण्यातल्या निम्म्या घरांनी अँफोटेरिसिन हे नाव तेव्हा पाठ केलं, मी स्वतः मित्राच्या काकांसाठी त्या इंजेक्शनच्या मागे तीन दिवस फिरलोय, मेडिकलवाले फोन उचलत नव्हते. देशात 45 हजारांच्या वर केसेस मोजल्या गेल्या. मोजल्या, कारण मे महिन्यात केंद्रानी सांगितलं की साथरोग कायद्याखाली नोटिफाय करा, प्रत्येक हॉस्पिटलनी प्रत्येक केस कळवा. लोकांना नाव कळलं म्हणून कोणी मेलं नाही, उलट नाक दुखतंय, डोळ्याखाली सूज आलीये म्हणून लोक लवकर गेले डॉक्टरकडे. मग काळ्या बुरशीचं नाव घेता येतं आणि हिचं घेता येत नाही हे कसं? फरक मला एकच दिसतो, म्युकरची बुरशी हवेतनं, मातीतनं येते, ती कोणाच्या हॉस्पिटलची नसते. ऑरिस कोणाच्यातरी आयसीयूची असते.

अमेरिकेत ऑरिस 2018 पासून कळवावी लागते. इंग्लंडनी 2025 मध्ये यादीत घातली.

मधेच एक घरची गोष्ट सांगतो, विषय सोडून नाहीये. अण्णा एचएचे. म्हणजे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, पिंपरी, 34 वर्षं नोकरी, आमचं बालपण त्या कॉलनीतलं, चिंचेची झाडं आणि साडेसातचा भोंगा. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीनी 1954 ला उभी राहिलेली कंपनी, देशाला पेनिसिलिन देणारी. तिथे डॉ. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिंपरीच्याच मातीतल्या एका जिवाणूपासनं बुरशीवरचं औषध काढलं, हॅमायसिन, आणि त्या जिवाणूचं नाव ठेवलं स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना. पिंपरिना! अँफोटेरिसिनच्याच घराण्यातलं औषध ते. अण्णा त्यानंतर लागले कामाला, पण कंपनीत ती गोष्ट प्रत्येकाला माहिती असायची. आयसीयूतनं बाहेर आल्यावर मी त्यांना सांगितलं की तुम्हाला बुरशी झाली होती रक्तात, औषधाला दाद न देणारी. घसा बसलेला होता नळीमुळे. हळूच म्हणाले, "आमच्या इथल्या मातीतनं औषध निघालं होतं की रे बुरशीचं." मग बराच वेळ पंख्याकडे बघत होते.

आणि नारायणगावचे मामा. भेटायला आले तेव्हा रिपोर्टचा फोटो त्यांनी पण बघितला. चष्मा वर करून म्हणाले, "हे कोनॅझोल कोनॅझोल काय, आमच्या भुरीचं औषध का?" द्राक्षाच्या पानावर पांढरी भुरी येते त्याच्यावर मामा हेक्झाकोनॅझोल मारतात, टेब्युकोनॅझोल मारतात. मी म्हणलं, मामा, घराणं एकच. तर ते म्हणाले, "मग कोडगी होणारच. मांजरीच्या द्राक्ष केंद्रवाले घसा फोडून सांगतात, एकच औषध सारखं मारू नका, आलटून पालटून मारा, भुरी कोडगी होते. ऐकतंय कोण." रेझिस्टंटला कोडगी यापेक्षा चांगला शब्द मला अजून सापडला नाही. आता ऑरिसचा आणि फवारणीचा संबंध सिद्ध झालेला नाही, मामांना उगाच आरोपी करत नाही, पण ॲस्परजिलस म्हणून दुसरी बुरशी आहे, फुप्फुसात जाणारी, तिच्या बाबतीत शेतातल्या अझोलनी कोडगेपणा येतो हे हॉलंडमध्ये दिसलंय आणि आपल्या देशातल्या मातीत पण तसल्या बुरश्या 2012 च्या सुमारास सापडल्यात. आणि त्याच मामांना जांघेत गजकर्ण झालं की मेडिकलमधनं फ्लुकोनॅझोलची गोळी, चिठ्ठी नाही, डॉक्टर नाही, चार दिवसांनी खाज थांबली की गोळी बंद. हे बोललो तर हसले. मी पण हसलो. पण मामा बागेत कुठलं औषध कधी मारलं ते वहीत लिहून ठेवतात, तारखेसकट, एक्स्पोर्टवाले विचारतात म्हणून. द्राक्षाच्या पेटीबरोबर जेवढी माहिती जाते तेवढी अण्णांबरोबर गेली नाही.

तर मागणं काय. फार नाही. डिस्चार्ज कार्डावर, ट्रान्स्फरच्या चिठ्ठीवर पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात बुरशीचं नाव, कुठल्या तारखेचं कल्चर, कुठल्या औषधाला कोडगी, आणि मराठीत एक ओळ नातेवाईकांसाठी की ही एका पेशंटकडनं दुसऱ्याला जाते, पुढच्या प्रत्येक हॉस्पिटलला आधी सांगा, घरातल्या धडधाकट माणसाला सहसा काही होत नाही, हात धुवा. एवढंच छापायला किती खर्च येतो? अँब्युलन्स निघायच्या आधी एका डॉक्टरनी दुसऱ्या डॉक्टरला फोन करायचा. महापालिकेकडे दर महिन्याला आकडा जायला पाहिजे, नर्सिंग होमचं रजिस्ट्रेशन तुम्हीच देता ना, 1949 च्या कायद्याखाली, रिन्यूअलच्या वेळी फायर आणि बायोमेडिकल वेस्टचे कागद बघता तसं हे पण बघा, आणि आकडा लपवणाऱ्याला दंड करा, कळवणाऱ्याला नाही. हे उलटं झालं तर सगळं मुसळ केरात. ज्या लॅबमध्ये जुनं मशीन आहे तिथे ऑरिसला दुसरीच कँडिडा म्हणून रिपोर्ट जाऊ शकतो, हेम्युलोनाय म्हणून, असं बऱ्याच देशांत झालंय, तर छोट्या हॉस्पिटलांसाठी सॅम्पल मोठ्या लॅबला पाठवायची सोय करा, पुण्यात लॅबची कमी नाही हो, अख्ख्या देशाची सॅम्पलं आपल्याकडे येतात.

आणि मावशींना सांगा. मराठीत, आणि ज्या बिहार-कर्नाटकातनं आल्यात त्यांना त्यांच्या भाषेत. पिवळी पट्टी म्हणजे व्हीआयपी नाही.

पण या सगळ्याच्या वर एक गोष्ट आहे आणि ती केली नाही तर वरचं काहीच होणार नाही. ज्यानी खरं सांगितलं त्याला बेड मिळाला पाहिजे. मी कॅज्युअल्टीत खोटं बोललो त्याची शिक्षा मला काय द्यायची ती द्या, पण मी का बोललो ते बघा. पहिल्या हॉस्पिटलनी दोन शब्द का गाळले, तर बहुतेक त्यांनाही हेच वाटलं असणार, लिहिलं तर पुढे कोणी घेणार नाही आणि पेशंट आपल्याच गळ्यात राहील. म्हणजे ते पण घाबरले आणि मी पण घाबरलो, आणि आमच्या दोघांच्या भीतीच्या मधे मंचरचा पोरगा झोपला होता. दोन्ही महापालिकांनी मिळून ठरवून टाका, कोणत्या पाच-सहा हॉस्पिटलांत अशा पेशंटसाठी स्वतंत्र खोल्या असतील, आणि तिथे नाही म्हणायची सोय नाही. कोविडला रात्रीतनं जम्बो उभं केलं होतं आपण, आता तर नुसत्या खोल्यांना नंबर द्यायचेत.

अण्णा आता घरी आहेत. चालतात, काठीनी, जिना नाही. चहा बिनसाखरेचा. फाईलच्या कव्हरवर मी स्वतः लाल स्केच पेननी लिहिलंय, कँडिडा ऑरिस पॉझिटिव्ह, खाली तारखा, खाली दोन्ही कल्चरच्या झेरॉक्स स्टेपल केल्यात. यावेळी लपवायचं नाही असं घरात ठरलंय, आत्या पण तयार झाली.

डीजे स्टेंट अजून आत आहे. तो आणि उरलेला खडा या महिन्याच्या 24 तारखेच्या आत काढायला पाहिजे असं युरॉलॉजिस्टनी लिहून दिलंय, फार दिवस ठेवता येत नाही. गेल्या आठवड्यात चार हॉस्पिटलांना फोन केले. चारही ठिकाणी पहिल्या वाक्यातच नाव सांगितलं. एकानी लगेच बेड फुल आहेत म्हणून सांगितलं, दोघांनी विचारून कळवतो म्हणाले, कळवलं नाही. चौथ्या ठिकाणच्या बाई चांगल्या होत्या, त्यांनी आवाज खाली करून विचारलं, "फाईलवर लिहिलंय का तसं? मग ते पान नका आणू."

मी ते पान आणणार आहे. बेड कुठे आहे तेवढं 24 च्या आत कळवा.

आपला,
अण्णांचा मोठा मुलगा
संभाजीनगर, चिंचवड